मदत हवी आहे : फेज्ड व्हर्टिकलला दिशाच मिळत नाही

उभीतार
हॅम रेडिओसाठी दोन वायर व्हर्टिकल (उभ्या तारांच्या अँटेना) उभ्या केल्या आहेत. सिग्नलचा मारा एकाच बाजूला न्यायचा आहे, आणि ती बाजू बदलताही यायला हवी. अंतर पाव तरंगलांबी, मध्ये पाव तरंगलांबीची डिले लाइन (सिग्नल उशिरा पोचवणारी केबल), म्हणजे ९० अंश. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलं) १.१ आहे. तरी समोर आणि मागे एक एस-पॉइंटचाही (रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरची एक पायरी) फरक नाही. तीन दिवस झाले. कुठे चुकतंय ते लवकर सांगा, प्लीज.

रेडियलप्रेमी
बँड कोणता? रेडियल (तळापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) किती? केबल कोणती, आणि मीटरमध्ये किती लांब? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

उंचमनोरा
४० मीटरचा बँड असेल तर या भानगडीत पडूच नका. इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच, दोन्ही टोकं खाली अशी तारेची अँटेना) लावा. २० मीटर उंची मिळाली की सिग्नल निघण्याचा कोन छान खाली येतो.

रेडियलप्रेमी
@उंचमनोरा त्यांना दिशा बदलता यायला हवी आहे. एका इन्व्हर्टेड व्हीने ती कशी बदलणार?

उभीतार
४० मीटरच, ७.१ मेगाहर्ट्झ. आरजी-५८, साधी घट्ट पॉलिथिलीनची. रेडियल एकीला ८, दुसरीला ४. मेन केबल पहिल्या अँटेनाच्या तळाशी टी-कनेक्टरवर येते, तिथून डिले लाइन दुसरीकडे. एसडब्ल्यूआरचा प्रश्नच नाही, तो ठीक आहे.

स्मिथचार्ट
डिले लाइनची लांबी मीटरमध्ये अजून सांगितली नाहीत. आणि तो १.१ ट्यूनरच्या (न जुळणारी अँटेना रेडिओला जुळवून देणाऱ्या पेटीच्या) अलीकडचा की पलीकडचा?

उभीतार
ट्यूनर आहे, अर्थातच. डिले लाइन १०.५६ मीटर. ७.१ ला तरंगलांबी ४२.२ मीटर, तिचा पाव.

स्मिथचार्ट
इथेच चुकलंय. १०.५६ हा हवेतला पाव आहे. घट्ट पॉलिथिलीनच्या केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (हवेच्या तुलनेत केबलमधला वेग) ०.६६, त्यामुळे तुमची लाइन ९० नाही, १३६ अंशांची झाली. आदर्श जमीन धरून हिशेब केला तर दुसऱ्या तारेत प्रवाह पहिलीच्या पाऊणपट आणि १४५ अंश मागे येतो. पुढे-मागे फरक पडतो सुमारे ५ डेसिबल (डीबी). एक एस-पॉइंट ६ डीबीचा, म्हणजे तुम्हाला दिसतंय ते बरोबर तेच आहे.

उभीतार
मग ६.९७ मीटर कापू? पण अँटेनांमध्ये १०.५६ मीटर अंतर आहे. केबल पोचणारच नाही!

हायब्रिडवाला
हायब्रिड कपलर (पॉवर दोन भागांत वाटणारा डबा) बसवा. एका फटक्यात ९० अंश, चार दिशांपर्यंत वाढवता येतं, शिवाय एसडब्ल्यूआर सपाट.

स्मिथचार्ट
एसडब्ल्यूआर सपाट राहतो कारण न जुळलेली पॉवर डमी लोडमध्ये (ती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरमध्ये) जाते. प्रवाह बरोबर आहेत की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हायब्रिडवाला
डमी लोडवर वॉटमीटर लावला की कळतं. पॉवरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवता येतं.

स्मिथचार्ट
ती पॉवर किती वाया जाते याची मोजणी झाली. दोन तारांतल्या प्रवाहांचं गुणोत्तर त्यातून मिळत नाही.

@उभीतार, ६.९७ पोचली असती तरी ९० मिळाले नसते. केबलचा विलंब तिच्या अंशांइतका तेव्हाच असतो, जेव्हा टोकाला ५० ओम असतात. इथे दोन तारा एकमेकींवर परिणाम करतात. एकटी तार ३६ ओमची, पण जोडीत पुढे चालणारी (जिच्यात प्रवाह आधी येतो ती) साधारण २१ − जे२० होते आणि मागे राहणारी ५१ + जे२०. 'जे' म्हणजे रिअ‍ॅक्टन्स, प्रवाहाला पुढे-मागे करणारा भाग.

क्रिस्टमन पद्धत वापरा. दोन्ही तारांपासून मध्यापर्यंत ८४ अंशांची एकेक केबल आणा : ६.५० मीटर, मध्य ५.२८ वर आहे, आरामात पोचते. जी तार मागे ठेवायची तिच्या केबलला मध्यावर ७१ अंशांचा तुकडा जोडा, ५.५० मीटर. डीपीडीटी रिलेने (दोन जोड एकदम बदलणारा स्विच) तो तुकडा या किंवा त्या बाजूला घाला. मारा नेहमी मागे राहणाऱ्या तारेच्या दिशेने.

टेपने मोजून कापू नका. २० सेंटीमीटर जास्त ठेवा, दुसरं टोक उघडं ठेवून अॅनालायझरवर इंपिडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) शून्याजवळ येते ती फ्रिक्वेन्सी पाहा. ८४ अंशांची केबल ७.६१ मेगाहर्ट्झला, ७१ अंशांची बरोबर ९.००ला.

रेडियलप्रेमी
केबलआधी जमीन! ८ आणि ४ चालणार नाही, दोन्ही सारखे हवेत. एक तार मोजताना दुसरीचा तळ उघडा सोडा, म्हणजे ती मध्ये येत नाही. ३६ च्या वर जे काही दिसेल ते जमिनीत गेलं. किमान १६ रेडियल, जिथे दोघींचे एकमेकांना भेटतात तिथे आडव्या तारेवर सोल्डर करा. अँटेनाची तार प्लास्टिकवाली असेल तर १०.१ मीटरने सुरू करून कापत या, तीन-चार टक्के आखूड होईल.

पावसाळी
कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, वर साधी टेप. पाणी शिरलं की आरजी-५८ ची जाळी काळी पडते.

उभीतार
मोजलं. ५२ आणि ६३ ओम. १६-१६ रेडियल घातल्यावर ४१ आणि ४२. नव्या केबल लावल्या, ट्यूनर काढला, तर एसडब्ल्यूआर २.१! आधीच बरं होतं का?

स्मिथचार्ट
नाही. आदर्श जमिनीवर त्या जोडावर २३ + जे१३ ओम येतात, म्हणजे २.३. तुमचा २.१ त्याच घरातला आहे. आधी प्रवाह पाहा. एफटी५०-४३ कोरचे (छोट्या फेराइट कड्यांचे) दोन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकी १० वेढे, त्यांवर ५० ओम, तळाची तार कोरमधून एकदा. दोन चॅनलच्या ऑसिलोस्कोपपर्यंतच्या केबल सारख्या लांबीच्या. ७.१ला ९० अंश म्हणजे ३५ नॅनोसेकंद.

उभीतार
३४ नॅनोसेकंद, प्रवाह १ ला ०.९४. मागची स्टेशनं तीन एस-पॉइंट खाली गेली. पण स्विचच्या पाटीवर लिहिलेल्या दिशेच्या उलट!

रेडियलप्रेमी
रिलेच्या तारा उलट लागल्या असतील. ७१ अंशांचा तुकडा दुसऱ्या तारेच्या केबलला गेला की मारा फिरतो.  रिलेच आधी तपासा.

उभीतार
रिलेच्या तारा उलटच होत्या. झालं. आता २.१ चं काय करू?

स्मिथचार्ट
जोडाकडे जाणाऱ्या मधल्या तारेत ०.२७ मायक्रोहेन्री मालिकेत : २५ मिमी व्यासावर ४ वेढे, २५ मिमीत पसरलेले. ट्रान्समीटरच्या बाजूला ४७० पिकोफॅरडचा सिल्व्हर मायका, मधली तार ते जाळी. हे आकडे २३ + जे१३ साठी आहेत, तुमच्याकडे वेढे ताणून-दाबून जमवा.

उंचमनोरा
हीच रचना २० मीटरला चालेल का?

स्मिथचार्ट
सगळ्या लांब्या निम्म्या करा. केबल फक्त ३.२५ मीटर येते आणि मध्य २.६ वर, त्यामुळे तळाशी वळसे घ्यायला जागा कमी पडते. नवा धागा काढा, तिथे लिहितो.