पगाराचा मेसेज बंद झाला तेव्हा: नोकरी सोडून धंद्यात आलेल्यांचे अनुभव

तेलघाणा
काल माळा आवरताना 2018 च्या सॅलरी स्लिपांची फाइल सापडली आणि हातातलं काम तसंच राहिलं. त्या वर्षी हिंजवडीतली नोकरी सोडून धायरीला लाकडी घाणा टाकला. तेल काढणं दोन महिन्यांत जमलं. अडीच किलो शेंगदाण्यातून साधारण लिटरभर तेल, म्हणजे दाणे किलोमागे दहा रुपये चढले की लिटरमागे पंचवीस गेले, हेही पाठ झालं. पण दाण्याचे पैसे रोख मोजायचे आणि तेलाचे पैसे दुकानदार महिन्याने देणार, हे कुठल्या हिशोबात धरलंच नव्हतं. दिवाळीसाठी भरपूर माल भरला, खपही जोरात झाला, आणि 5 नोव्हेंबरला, ऐन धनत्रयोदशीला, घराचा हप्ता भरायला बायकोची एफडी मोडली. वहीत नफा, खात्यात खडखडाट. तिने एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.
भाचा आता राजीनामा द्यायच्या विचारात आहे. त्याला वाचायला देणार आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहा.

डबेवाली ठाणे
डबे गेले, आता बसले जरा. मी पहिलं वर्षभर स्वतःची मजुरी धरलीच नाही. कणीक, तेल, गॅस एवढंच धरून पोळीचा भाव काढला. मदतीला ताई ठेवल्या तेव्हा कळलं, त्यांचा पगार त्या भावात बसतच नाही. भाव वाढवला तर बारा गिऱ्हाइकं गेली. रडले होते त्या दिवशी. चार महिन्यांनी नऊ परत आली. बँकेत होते हो मी, लोकांची कर्जप्रकरणं तपासायचे!

खडीसाखर
अगदी अगदी, मजुरीचं. काका, तिळाचं तेल मिळतं का तुमच्याकडे? आईचे गुडघे फार दुखतात.

छापखाना
सगळ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद, केलीय ना? फुकट होते. आमची खोकी छपाई, कोल्हापूर. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पावणेदोन लाख सात महिने अडकवले. न आलेल्या पैशांवरचा जीएसटी मी मात्र 20 तारखेला भरून मोकळा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, असा 2006 चा कायदा आहे. 1 एप्रिल 2024 पासून त्यापुढे थकवलं तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापायला लागल्यापासून त्यांचे अकाउंट्सवाले फोन उचलतात. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांना हे लागू नाही, उत्पादन किंवा सेवा पाहिजे.

मेघमल्हार
मेडिक्लेम!! कोणीच कसं लिहिलं नाही? नोकरीबरोबर ग्रुप पॉलिसी गेली. बाबांना जुना मधुमेह, नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षं थांबा. त्यांची अँजिओप्लास्टी खिशातून झाली. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं हे नंतर समजलं. भाच्याला म्हणावं, आधी ही चौकशी कर, मग राजीनामा.

नाशिककर
मी परत नोकरीत गेलो. कॅफेला पाच महिने झाले होते आणि मार्च 2020 आला. भाडं चालूच. कॉफीचं मशीन निम्म्या किमतीत विकलं. सगळे म्हणतात शिकलास ना, वाया नाही गेलं. त्या रस्त्याने जाताना मला अजून जड जातं.

डबेवाली ठाणे
नाशिककर दादा, आमचेही त्या वेळी सत्तरावरून सहा डबे राहिले होते. घरचा ओटा होता, भाडं नव्हतं, म्हणून टिकले. तुमचं काही चुकलं नाही.

नाशिककर
ताई 🙏

तेलघाणा
मेघमल्हार, हे मलाही माहीत नव्हतं. आजच भाच्याला कळवतो. खडीसाखर, तिळाचं आहे, पण परवा काढलंय. दोन दिवस निवळू दे, मग न्या.

रानवाट
उशिरा वाचतोय. पेंड विकता का? सासवडला सासऱ्यांच्या दोन म्हशी आहेत.

तेलघाणा
विकतो की. रविवारी बंद असतं, सोमवारी या. पोतं आणा बरोबर.