सामाईक विहिरीची पाळी आणि शेजाऱ्यांच्या बांधावरची वाट : बोलून मिटवावे की अर्ज करावा?

सीनाकाठचा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. पुण्यात बावीस वर्षे नोकरी करून गेल्या दिवाळीला मी आणि पत्नी मोहोळ तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित शेतात, वस्तीवर, कायमचे राहायला आलो. इतकी वर्षे शेत वाट्याने दिलेले असल्यामुळे शेजाऱ्यांशी संबंध लग्नकार्यापुरताच उरला होता. आता दोन गोष्टी अडल्या आहेत आणि दोन्ही एकाच शेजाऱ्यांशी निगडित आहेत. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे असून मी त्यांना लहानपणापासून अण्णा म्हणतो.

पहिली गोष्ट विहिरीची. ती दोघांच्या आजोबांनी मिळून पाडली असून सातबाऱ्यावर निम्मा निम्मा हिस्सा आहे. सोमवार ते बुधवार त्यांची पाळी, गुरुवार ते शनिवार आमची आणि रविवार आलटून पालटून, अशी जुनी वहिवाट आहे. परंतु सध्या आमच्या फीडरवर मोटार चालवायला लागणारी थ्री फेज वीज सोमवार ते बुधवार दिवसा आणि पुढचे दिवस रात्री असते. परिणामी अण्णा उन्हात पाणी देतात आणि मी बावन्नाव्या वर्षी बॅटरी घेऊन रात्री दारे धरतो.

दुसरी गोष्ट वाटेची. रस्त्यापासून आमच्या शेतात येणारी वाट अण्णांच्या बांधाला लागून येते. तेथून पूर्वी बैलगाडी आणि नंतर ट्रॅक्टर येत असे. संक्रांतीच्या सुमारास अण्णांच्या मुलाने वाटेच्या कडेने डाळिंबासाठी ठिबकची मुख्य नळी टाकली आणि तोंडाशी मोठे दगड लावले. मोटारसायकल जाते, ट्रॅक्टर जात नाही. काढलेल्या ज्वारीचा कडबा अजून शेतातच बुचाडात उभा आहे. पुण्याचे मित्र म्हणतात, सरळ तहसीलमध्ये अर्ज करा. गावातील माणसे म्हणतात, आल्या आल्या कागद करू नका. आपला अनुभव काय सांगतो?

माणदेशी सून

आम्ही सांगोला तालुक्यात वस्तीवर राहतो आणि आमची विहीर तिघांत आहे, म्हणून आधी पाण्याविषयी लिहिते. पाळी वारांनी ठरलेली असते तेव्हा विजेचे वेळापत्रक बदलले की न्याय बिघडतो. यात अण्णांचा दोष नाही, वारांचा आहे. आमच्याकडे असा तोडगा निघाला की विजेचे नवे वेळापत्रक लागले की त्याच दिवशी पाळ्यांची अदलाबदल करायची, म्हणजे रात्रीचे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात. हे एकदा सर्वांसमोर ठरले की दर वेळी विनंती करावी लागत नाही, आणि विनंती करावी लागणे हीच शेजाऱ्यांमधील कुरबुरीची सुरुवात असते.

उन्हाळ्यात मात्र दिवस आणि तास दोन्ही निरुपयोगी ठरतात. चैत्रानंतर आमच्या विहिरीचा दोन तासांत तळ लागतो, आणि नंतर पाळी असलेल्याला नुसता चिखल मिळतो. त्यावर सासऱ्यांनी एक युक्ती केली. विहिरीच्या आतल्या बाजूला, तळापासून सुमारे एक परसावर, म्हणजे पुरुषभर उंचीवर, त्यांनी दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटची आडवी रेघ मारली. पाणी उतरून रेघ उघडी पडली की ज्याची मोटार चालू असेल त्याने ती बंद करायची, आणि पाझराने रेघ पुन्हा बुडाली की पुढच्याने सुरू करायची. मग कोणाला दिवसभरात एक तास मिळो वा तीन. रेघेशी भांडण करता येत नाही. रंग दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो आणि त्या दिवशी तिन्ही घरांतील एकेक माणूस काठावर उभा असतो, इतकीच काय ती तसदी.

वाटेविषयी मला कायदा ठाऊक नाही. परंतु एक विचारते, राग मानू नये. दिवाळीपासून आपण अण्णांच्या घरी किती वेळा गेलात? आणि वहिनी गेल्या का? आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत शेजाऱ्याला बोलावले नाही तर ते वर्षभर लक्षात राहते. रात्री घरात साप निघाला तर तालुक्याच्या गावाला नेणारी गाडी शेजाऱ्याचीच असते, हे पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात कळते.

निवृत्त अव्वल कारकून

महसूल खात्यातील नोकरीत अशी प्रकरणे पुष्कळ हाताळली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. रस्त्याच्या बाबतीत दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. याउलट वहिवाटीचा रस्ता आधीपासून असेल आणि तो कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागू होते. आपले प्रकरण दुसऱ्या प्रकारात बसते.

येथे एक गोष्ट गावातील मंडळी सांगत नाहीत. कलम ५ खालील दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. दगड संक्रांतीच्या सुमारास लागले असतील तर ही मुदत आषाढापर्यंतच आहे. 'सबुरीने घ्या' या सल्ल्यावर वर्ष काढले तर सोपा मार्ग बंद होतो आणि दिवाणी न्यायालयाचा लांबचा मार्ग उरतो. तेथे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांची उघड व अखंड वहिवाट सिद्ध करावी लागते, आणि आपण स्वतः तर बावीस वर्षे पुण्यात होता. वाटेकऱ्याने केलेला वापर आपल्यासाठी मोजला जातो हे खरे असले, तरी तो वाटेकरी साक्षीला उभा राहील का, हा प्रश्न आहेच.

म्हणून आज तीन कागद मिळवून ठेवावेत: दोन्ही गटांचे चालू सातबारा उतारे, गाव नकाशाची प्रत आणि वाटेची व दगडांची छायाचित्रे. गाव नकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. दुहेरी रेघ सापडली तर अर्धे काम झाले.

अर्ज करणे म्हणजे वैर धरणे असेही नाही. दोन्ही खातेदारांनी मिळून संमतीने रस्ता मान्य करावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करून घ्यावी. मे २०२५ च्या शासन निर्णयानेही शेतरस्त्यांची नोंद याच रकान्यात करण्यास सांगितले आहे. अण्णा हयात आहेत आणि त्यांना आपले आजोबा आठवतात, तोवरच ही संमती स्वस्तात मिळेल. त्यांच्या नातवाला आपण 'पुण्याचे' असाल.

द्राक्षबागवाला, उत्तर सोलापूर

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण एक प्रश्न कोणी विचारला नाही: अण्णांच्या मुलाने दगड का लावले? विनाकारण दगड उचलून वाटेवर आणून ठेवण्याइतका वेळ डाळिंबवाल्याकडे नसतो.

माझ्यावर हीच वेळ उलट्या बाजूने आली होती. शेजाऱ्यांनी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारले आणि वाऱ्याबरोबर ते माझ्या द्राक्षांवर आले. उसाला त्याने काही होत नाही. द्राक्षाची कोवळी पाने मात्र पंख्यासारखी आकसतात आणि शेंडा वेडावाकडा होतो. मी संतापून त्यांच्या ट्रॅक्टरची वाट बंद केली. त्यांना वाटले की मी माजलो आहे, कारण फवारणी मजुराने केलेली असल्याने त्यांना स्वतःला काहीच ठाऊक नव्हते. आठ महिने आम्ही एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिलो नाही. शेवटी एका मयताच्या घरी शेजारी शेजारी बसावे लागले तेव्हा विषय निघाला. आता त्यांना फवारायचे असले की ते आदल्या दिवशी फोन करतात आणि वारा माझ्या बाजूचा असेल तर थांबतात.

आपले शेत वाट्याने होते म्हणता. त्या काळात काय घडले याची चौकशी आधी करावी. अर्जाचा कागद तयार ठेवा, पण खिशात.

सीनाकाठचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. द्राक्षबागवाल्यांचा प्रश्न वाचून मी वाटेकऱ्याला फोन केला आणि जे ऐकले त्याने थोडा ओशाळलो. गेल्या वर्षीच्या गाळप हंगामात आमचा ऊस नेणारा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओल्या वाटेत रुतला, चालकाने तो अण्णांच्या शेतातून वळवून काढला आणि त्यात त्यांच्या ठिबकची नळी दोन ठिकाणी फुटली. ऐन बहरात डाळिंबाला चार दिवस पाणी मिळाले नाही. वाटेकऱ्याने ना भरपाई दिली, ना मला कळवले. अण्णांच्या दृष्टीने ट्रॅक्टर माझा होता.

काल संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. मी नळीच्या खर्चाविषयी बोललो तेव्हा अण्णा काही वेळ तंबाखू मळत राहिले आणि मग म्हणाले, "पैशाचं राहू दे, तू एवढ्या दिवसांत पायरी चढला नाहीस." मुलगा मात्र व्यवहाराचे बोलला आणि ते मला बरे वाटले. नळी वाटेला आडवी जाते तेथे ती जमिनीखाली सिमेंटच्या पाइपातून न्यायची, तो खर्च मी करायचा, आणि पाऊस पडल्यानंतर वाट वाळेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आणायच्या नाहीत. पाइप बसला की दगड निघतील. कडबा त्याआधी न्यायचा असल्याने त्याने आज सकाळी स्वतःच दोन दगड बाजूला सरकवले.

'इतर हक्क' नोंदीचा विषय मी काढला नाही. पाडव्यानंतर काढीन, तोवर गाव नकाशाची प्रत आलेली असेल आणि मुदतही हाताशी असेल. पाळ्यांची अदलाबदल मान्य झाली आहे. रेघेची कल्पना अण्णांना पसंत पडली, परंतु ती कोणत्या दगडावर मारायची यावर पितापुत्रांचेच एकमत होत नाही.

एक उपप्रश्न उरतो. आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, नऊ मोटारी आहेत आणि त्यांपैकी सहांना ऑटो स्विच आहेत. वीज आली की सगळ्या एकदम सुरू होतात आणि फ्यूज जातो. कपॅसिटर बसवून भार कमी होईल असे सांगतात, पण ऑटो काढायला कोणी तयार नाही, कारण रात्री उठावे लागते. हे नऊ जणांत कोणी कसे जमवले आहे का?