कर्नल ‘होल्ड’ करून ठेवणं : शहाणपण की आळस?

(सोलापूरच्या लिनक्सवाल्यांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं म्हणजे त्यांचा भाग.)

सात रस्ता : आमचं टॉवेलचं दुकान. बिलिंगचं मशीन उबुंटू 22.04 या लिनक्स सिस्टीमवर, नेट यूएसबी वायफाय डोंगलवर, त्याचा ड्रायव्हर सोर्स कोडमधून बिल्ड करून (म्हणजे मशीनवरच तयार करून) बसवलेला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अपडेट मारलं, कर्नल (सिस्टीमचा गाभा) 6.5 चं 6.8 झालं आणि वायफाय गायब. गिऱ्हाईक गठ्ठे मोजून काउंटरवर उभं! शेवटी मशीन सुरू होतानाच्या ग्रब मेनूमधून जुनं कर्नल निवडलं तेव्हा बिल निघालं. त्याच रात्री ‘एपीटी-मार्क होल्ड’ (पॅकेजचं अपडेट अडवणारी कमांड) लावून लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-22.04 आणि त्याची इमेज-हेडर्सची पॅकेजं बांधून टाकली. चालणाऱ्या मागाला कशाला हात लावायचा?

होटगी रोड : मालक, मागाला पण तेलपाणी लागतंच की. कर्नल बांधलं म्हणजे त्याचे सिक्युरिटी पॅच पण बांधले. वर हे मशीन नेटवर, त्यात व्यापाऱ्यांची उधारी. ड्रायव्हर डीकेएमएस या टूलमध्ये टाका, नवीन कर्नल आलं की आपोआप बिल्ड होतो.

सात रस्ता : टाकला होता बे. 6.8 वर बिल्डच फेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं काम सोडून दिलंय, मी काय करू?

जुळे सोलापूर : दोघंही एक गोष्ट विसरताय. 22.04 ला दोन कर्नल मिळतात. डेस्कटॉपवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) येतं, ते उड्या मारतं : 5.15, 5.19, 6.2, 6.5, 6.8. साधं लिनक्स-जेनेरिक टाकलं तर 5.15 वरच राहतं आणि पॅच एप्रिल 2027 पर्यंत येत राहतात. एचडब्ल्यूईची पॅकेजं काढा, होल्डची गरजच नाही. डीकेएमएस मात्र ठेवा, 5.15 च्या प्रत्येक अपडेटला ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्यानं बिल्ड व्हावंच लागतं.

होटगी रोड : हे पटलं. तरी माझा राग होल्डवर नाही, विसरण्यावर आहे. होल्ड लावताना तारीख कोण लिहून ठेवतं? मालक, ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ मारून यादी टाका बघू.

सात रस्ता : टाकतो. कर्नलची तीन, आणि… कप्स-ब्राउज्ड, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारं. 2023 च्या उन्हाळ्यात लेबल प्रिंटर दोनदोनदा दिसत होता, तेव्हा लावलेलं दिसतंय.

होटगी रोड : घ्या! सप्टेंबर 2024 मध्ये त्याच कप्स-ब्राउज्डमधलं भोक जाहीर झालं. नेटवर्कच्या यूडीपी 631 पोर्टवरून कुणीही खोटा प्रिंटर घुसवायचा, तुम्ही त्यावर प्रिंट दिली की त्याची कमांड तुमच्या मशीनवर चालायची. पॅच आला, तुमच्याकडं कुठून येणार?

सात रस्ता : अनहोल्ड केलं. कर्नलचं रविवारी बघतो, दुकान बंद असतंय.