मोकळ्या चराईची डुकरं: दोन तारांचं फिरतं झटका कुंपण की कायमचे कप्पे?

दोनतारी

डुकरं रानात सोडायची म्हटलं की पहिला सल्ला भक्कम जाळीचा मिळतो. माझं मत नेमकं उलट आहे. डुकराला ताकदीने अडवता येत नाही. मोठी डुकरीण जाळीखाली नाक घालते आणि खांबासकट जाळी वर उचलते. ती थांबते धाकाने, आणि तो धाक बसवायला झटका यंत्रातून विजेचे क्षणिक झटके सोडलेल्या दोन बारीक तारा पुरतात. या तारा रिळावर गुंडाळून तासाभरात पुढच्या तुकड्यावर नेता येतात, म्हणून एकाच जागेची नासाडी होत नाही.

उंची महत्त्वाची. दूध तुटलेल्या पिल्लांसाठी खालची तार 15 सेंमीवर, वरची 35 ते 40 वर. 50 किलोच्या पुढच्या जनावरांना 25 आणि 55 सेंमी. तार नाकाला लागली पाहिजे, कारण ओल्या, बिनकेसांच्या नाकालाच झटका नीट कळतो. खुंट 5-6 मीटरवर, खोलगट जागी आणखी जवळ. झटका कुंपणाच्या टेस्टरवर (घरगुती टेस्टर नव्हे) कुंपणाच्या शेवटच्या टोकाला 4000 व्होल्ट हवेत. 3000 च्या खाली आलं की डुकरं बाहेर पडली असं समजा.

दहा वाढत्या डुकरांना 400 चौरस मीटरचा कप्पा, 4 ते 6 दिवस. पण दिवस मोजू नका, जमीन बघा: तिसरा हिस्सा उकरला गेला की हलवा, अर्ध्यापर्यंत थांबू नका. त्या तुकड्याला पुढे किमान 6 ते 8 आठवडे विश्रांती.

पक्का_कप्पा

उंची आणि व्होल्टेजबद्दल वाद नाही. पण रोजच्या राबणुकीचा हिशोब तुम्ही मांडलेलाच नाही. कुंपण हलवणं म्हणजे नुसत्या तारा हलवणं नव्हे. पाणी, सावली, खाद्याचं भांडं, लोळायचा चिखल, सगळं सोबत जातं. पिल्लं पाजणारी डुकरीण दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी पिते, आणि डुकराला घाम येत नसल्याने उन्हाळ्यात चिखलाशिवाय भागत नाही. हे सगळं दर पाच दिवसांनी?

दुसरं म्हणजे पॉलिवायर, म्हणजे फिरत्या कुंपणाची प्लास्टिकच्या दोरीसारखी तार. तिच्यातले स्टीलचे बारीक धागे वारंवार गुंडाळून तुटतात, प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. गाठ मारली की त्या जागी धाग्यांना धागे भिडतीलच असं नाही. तार डोळ्यांना धडधाकट, पुढे करंट शून्य.

तिसरं, डुक्कर उकरताना माती पुढे ढकलतं. ती खालच्या तारेवर साचते आणि करंट तिथेच जमिनीत उतरतो. कायमच्या कप्प्यात 2.5 मिमीची ताणलेली स्टीलची तार असते, आतून दीड फुटाची पट्टी रोज फावड्याने साफ करता येते. चार ते सहा मोठे कप्पे करा, प्रत्येकात महिनाभर ठेवा.

दोनतारी

गाठीचा मुद्दा मान्य. गाठीऐवजी धातूचा जोड वापरावा, किंवा दोन्ही टोकांचं प्लास्टिक जाळून उघडे धागे एकमेकांत पिळावेत. माती साचण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा आपणच असतो. खाद्य तारेजवळ ठेवलं की डुकरं तिथेच घुटमळतात, उकरतात, रेटारेटीत कमजोर डुक्कर तारेवर ढकललं जातं. भांडं तारेपासून किमान 3 मीटर आत हवं.

महिनाभर एका कप्प्यात ठेवलेल्या डुकरांना चरायला काय उरतं? दुसऱ्या आठवड्यानंतर ती उघड्या मातीवरच उभी असतात. याला चराई म्हणवत नाही.

ओली_सळई

तुम्ही दोघं तारेवर भांडताय. झटका कुंपण निकामी होतं त्यात अर्थिंगचा वाटा सर्वात मोठा. करंट झटका यंत्रातून तारेत, तारेतून डुकरात, डुकरातून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईतून परत यंत्रात, असा फेरा पूर्ण झाला तरच झटका. 2 मीटरच्या तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, एकमेकींपासून 3 मीटरवर, घराच्या वीज-अर्थिंगपासून 10 मीटर तरी लांब.

तपासायची रीत: यंत्रापासून 100 मीटरवर लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत रोवा, तारेवरचं व्होल्टेज 2000 च्या खाली येईपर्यंत. मग टेस्टरचं एक टोक शेवटच्या अर्थ-सळईला, दुसरं शक्य तितक्या लांब मातीत. 300 व्होल्टच्या वर दिसलं तर आणखी सळया हव्यात. (सळया रोवताना यंत्र बंद ठेवा.) कोरड्या मुरमाड जमिनीत जनावराच्या पायातूनच करंट जात नाही. तिथे दोन तारांच्या मध्ये तिसरी तार अर्थिंगला जोडून टाका: नाक दोन्हींना लागलं की झटका हमखास. आणि मेनची वीज थेट तारेत कधीही सोडू नका, त्यात माणूस मरतो.

पिल्लं_आधी

कोणी तयार मिळणारी विजेची जाळी सुचवायच्या आत सांगतो: व्यालेल्या डुकरिणीपाशी ती नको. पिल्लू चौकोनात डोकं घालतं, झटक्याने मागे न येता पुढे घुसतं आणि अडकून राहतं. तिथे साध्या ताराच बऱ्या. पहिले काही आठवडे पिल्लं तारेखालून ये-जा करतील, ती आईकडे परत येतात.

पक्का_कप्पा

पुढे घुसणं, हाच माझा खरा आक्षेप. न शिकलेलं डुक्कर झटका बसला की तार तोडून पुढे पळतं. आणि शिकलेलं डुक्कर तार काढून घेतली तरी ती रेष ओलांडत नाही. मग ही फिरती व्यवस्था फिरणार कशी?

दोनतारी

शिकवणी भक्कम भिंतीच्या आतच. भिंतीपासून हातभर आत तार ओढून पिल्लांना आठवडाभर तिथे ठेवायचं. पुढे घुसायला जागाच नाही, म्हणून ती मागे फिरायला शिकतात. त्याच वाड्याला एक लाकडी फाटक ठेवा, त्यावर करंट कधीच नको. तेच फाटक प्रत्येक कप्प्यात न्या. डुकरं फाटक ओळखतात आणि त्यातून बिनधास्त जातात. हलवण्याच्या दिवशी सकाळचं खाद्य पलीकडच्या कप्प्यातच द्यायचं.

जंत_आणि_ताप

एक दुरुस्ती. कप्पे फिरवले की जंत संपतात, असा समज असतो. गोल जंताची अंडी मातीत कित्येक वर्षं टिकतात, 8 आठवड्यांच्या विश्रांतीने त्यांचं काही बिघडत नाही. जंतनाशकाचं वेळापत्रक लागेलच.

आणि जिथे रानडुकरं आहेत तिथे दोन तारा अजिबात पुरेशा नाहीत. आफ्रिकन स्वाइन फिव्हर (डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य ताप) नाकाला नाक लागूनही पसरतो, आणि त्यावर उपचार नाही. बाहेरून पक्की जाळी, मध्ये मोकळा पट्टा आणि आत झटका तार, अशी दुहेरी हद्दच हवी.

दोनतारी

रानडुकरांच्या भागात बाहेरची हद्द पक्की, हे मानतो. हद्दीवरची आतली झटका तार स्टीलची ठेवून तिच्यावरूनच कप्प्यांच्या पॉलिवायरला करंट घेतला तर पॉलिवायरचं अंतरही कमी राहतं. आतले कप्पे मात्र फिरतेच हवेत. एक अपवाद: चिकण माती ओलीचिंब असेल तर हलवत बसू नका. डुकरं एका ठरावीक, गवताचा थर घातलेल्या जागी आणा आणि माती वाफशावर येईपर्यंत बाकी रान बंद ठेवा.

पक्का_कप्पा

म्हणजे ती एक जागा तरी कायमची झालीच. तिचे खांब पक्के रोवा आणि खालची तार 20 सेंमीच्या वरच ठेवा, ओल्या गवताचा थर चढला की ती आधी बुडते. पिल्लं सोबत असतील तर तिच्या खाली आडवी फळी लावा.