मदत हवी आहे: पीओआयचा (दोन कंपन्यांची नेटवर्कं जुळतात त्या जागेचा) सहा महिन्यांचा अंदाज द्यायचाय, किती ई१ (एकावेळी ३० कॉल नेणाऱ्या लाइनी) मागू?

ट्रंक_पाहिजे
नमस्कार मंडळी. आमची छोटी कंपनी आहे, ऑफिसांना लँडलाइन आणि सिप ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या फोन लाइनी) देतो. लायसन्स महाराष्ट्र सर्कलचं, म्हणजे गोव्यासकट पण मुंबई सोडून. समोरच्या एका मोठ्या मोबाइल कंपनीला पुढच्या सहा महिन्यांच्या ट्रॅफिकचा अंदाज शुक्रवारपर्यंत पाठवायचाय. हे काम आधी करणारा माणूस सोडून गेला आणि मागे फक्त एक एक्सेल ठेवून गेला. त्या एक्सेलप्रमाणे युटिलायझेशन (लाइनी किती भरतात ते) ६२ टक्के येतंय. पण कस्टमर बोंबलतायत की सकाळच्या वेळी त्या कंपनीचे नंबर लागतच नाहीत. साहेबांचं म्हणणं, ६२ टक्क्यांवर जास्तीचे पोर्ट कशाला मागायचे, पैसे कोण भरणार. थिअरी नको, वेळ नाही. फक्त सांगा किती ई१ मागू?

पॅकेट_पांडू
ई१? अजून? सिप इंटरकनेक्ट मागा आणि मोकळे व्हा. हवे तेवढे सेशन वाढवा, विषय संपला.

गणिती_गौरी
विषय कसा संपेल? आधी आकडे तर येऊ देत.
आत्ता किती ई१ आहेत? वन-वे की बोथ-वे? पीओआय एकच की पुणे-नागपूर वेगवेगळे? ६२ टक्के कशाचे, आणि कुठल्या तासाचे? शिवाय एक्सेलमधली मिनिटं स्विचवरून घेतली की बिलिंगमधून?

सातारी_तर्री
माझ्या मोबाइलवरून पण सकाळी फोन लागत नाही. ड्युअल सिम आहे. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू का? १९०० वर मेसेज पाठवायचा ना?

ट्रंक_पाहिजे
@गौरी, २ ई१. अर्थात वन-वे, आमच्याकडून जाणारे. इनकमिंगचे त्यांचे त्यांनी वेगळे टाकलेत. पीओआय एकच, पुण्यात. महिन्याला ४ लाख मिनिटं, २५ दिवस, बिझी अवरला (सर्वांत गर्दीच्या तासाला) १४ टक्के, ६० ने भागलं की ३७.३ अर्लांग (एक अर्लांग म्हणजे एक सर्किट तासभर व्यस्त). ते भागिले ६० सर्किट म्हणजे ६२ टक्के. मिनिटं बिलिंगच्या सीडीआरमधून (कॉलच्या नोंदींतून).
@तर्री, दादा, हे ते नाही.

गणिती_गौरी
तिथेच गोम आहे. बिलिंगचं मिनिट सुरू होतं समोरच्याने फोन उचलल्यावर. सर्किट मात्र त्याच्या आधीच अडकतं, रिंग वाजायला लागते तेव्हापासून. आणि जो कॉल कुणी उचललाच नाही त्याचं बिल शून्य, पण तुमचं सर्किट त्याने अर्धा मिनिट खाल्लेलंच असतं. तुमचा एएसआर, म्हणजे शंभरातले किती कॉल उचलले जातात तो आकडा, किती? सरासरी बोलणं किती वेळाचं?

ट्रंक_पाहिजे
एएसआर ५०च्या आसपास. बोलणं सरासरी २ मिनिटं. पण रिंगचे काही सेकंद त्यात काय एवढे?

गणिती_गौरी
तुमचेच आकडे घेते. बिझी अवरला बोलण्याची २,२४० मिनिटं. २ मिनिटांचा एक कॉल, म्हणजे उचललेले १,१२०. एएसआर ५० म्हणजे न उचललेलेही १,१२०.
उचललेल्यांची रिंग सरासरी १२ सेकंद धरली तर २२४ मिनिटं. न उचललेले ३० सेकंद वाजले तर ५६० मिनिटं. बेरीज ३,०२४ मिनिटं, म्हणजे ५०.४ अर्लांग. ६० सर्किटांवर ८४ टक्के झाले की!
रिंगचे सेकंद मी गृहीत धरलेत, तुमचे तुम्ही मोजा. पण उत्तर ६२च्या जवळपास येणार नाही हे नक्की.

नियमावली
रिंगच्या सेकंदांवरून २०१९ मध्ये केवढी भांडणं झाली होती ते आठवा. कुणी २५ सेकंदांवर आणलं, कुणी ४५ ठेवलं. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायने मोबाइलला ३० आणि लँडलाइनला ६० सेकंद ठरवून दिले. त्यामुळे न उचललेल्या मोबाइल कॉलला ३० धरलेत ते बरोबर.

पॅकेट_पांडू
म्हणूनच म्हणतो सिप. ही ३० सर्किटांची भानगडच नको.

जुना_एक्स्चेंज
पांडूशेठ, सिपवर रिंग वाजत नाही का? सेशन तिथेही अडकतंच. शिवाय एसबीसीचं (नेटवर्कच्या सीमेवरच्या सिप खोक्याचं) सेशन लायसन्स, सेकंदाला किती कॉल घ्यायचे त्याची मर्यादा, आणि जी.७११ (आवाजाचं कोडिंग) ला इथरनेटवर एका दिशेने कॉलमागे साधारण ८७ केबीपीएस. अर्लांगचं गणित तेच राहतं, फक्त खोकं बदलतं. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑटोमॅटिक एक्स्चेंजला आयुष्य काढलंय. स्ट्रोजर गेलं, क्रॉसबार गेलं, डिजिटल आलं, पण बिझी अवर कुणाला चुकला नाही.

पॅकेट_पांडू
काका, खोकं बदलल्यावर क्षमता वाढवायला ट्रान्समिशनवाल्याच्या पाया पडावं लागत नाही, हा फरक लहान आहे का? कॉन्फिग बदलली की झालं.

जुना_एक्स्चेंज
समोरचा कॉन्फिग बदलेल तेव्हा ना. इंटरकनेक्टमध्ये अर्धं खोकं दुसऱ्याच्या ताब्यात असतं.

ट्रंक_पाहिजे
तुमचं भांडण झालं असेल तर, समोरची कंपनी सध्या सिप देत नाही, विषय बंद. ८४ टक्के मान्य. पण करारात ८५ च्या वर गेलं तरच वाढीव मागता येतात असं आहे. मग मी अजून १ टक्का खालीच आहे ना? साहेब हेच म्हणणार.

नियमावली
८५ चा नियम २०१८ च्या इंटरकनेक्शन रेग्युलेशनमधला. मागच्या ६० दिवसांच्या रोजच्या ट्रॅफिकवरून पुढच्या ६० दिवसांअखेर वापर ८५ टक्क्यांच्या वर जाईल असं दिसलं की वाढीव पोर्ट मागायचे. म्हणजे ८५ पार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, कल बघून मागायचं. पोर्ट द्यायची मुदत आधी ३० दिवस होती, त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कामकाजाचे ४२ दिवस झाली. म्हणजे आज अर्ज केला तरी दोन महिने गेलेच धरा. आणि सहामाही अंदाज बिझी अवरमधल्या आउटगोइंग ट्रॅफिकचा मागतात, महिन्याच्या मिनिटांचा नाही.
शिवाय हे ८५ टक्के एकूण सर्किटांचे की तेवढ्या सर्किटांच्या अर्लांग क्षमतेचे, ते तुमच्या करारात नीट वाचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गणिती_गौरी
तोच मुद्दा. पीओआयवर कंजेशन (सर्किट न मिळून परत फिरणारे कॉल) ०.५ टक्क्याच्या आत हवं. अर्लांग-बीच्या (किती ट्रॅफिकला किती सर्किटं लागतात त्या सूत्राच्या) तक्त्यात ०.५ टक्क्याला ३० सर्किटं १९ अर्लांग पेलतात, ६० सर्किटं ४४.८, १०० सर्किटं ८०.९. तुमच्याकडे ६० वर ५०.४ चालू आहेत, म्हणजे क्षमतेच्या वर. ८४ टक्के ऐकायला बरे वाटतात, पण त्या तासाला शंभरातले तीनेक कॉल तरी मागे फिरत असणार. कस्टमर उगाच बोंबलत नाहीयेत.
त्यातही ५०.४ म्हणजे जे *गेले* ते. एसटीत किती बसले ते मोजून स्टँडवर किती राहिले ते कळत नाही. ६० सर्किटांतून ५०.४ अर्लांग जायला येणारं ट्रॅफिक ५२ च्या आसपास असावं लागतं. अंदाज ५२ वरून बांधा. आजच्या मोजलेल्या आकड्याला वाढीचा टक्का लावून पाठवला की जाम झालेला रूट कायम जामच राहतो, कारण जाम असताना आकडा वाढूच शकत नाही. पुढच्या सहामाहीलाही तोच सपाट आलेख पुढे येतो आणि सगळे म्हणतात, बघा, वाढ नाही!

तर्कटराव
५२ मध्ये एकाच माणसाने चारदा लावलेले कॉलही आले की. खरी मागणी त्याहून कमी असेल.

गणिती_गौरी
असेल, थोडीशी. पण ३ टक्के ब्लॉकिंगला री-डायलचा फुगवटा मोठा नसतो. २० टक्के ब्लॉक होत असते तर तुमचं म्हणणं मानलं असतं.

तर्कटराव
आणि २ ई१ म्हणजे ६० च कशावरून? सिग्नलिंग (कॉल जोडण्याचे संदेश) दुसरीकडून असेल तर एका ई१ वर ३१ मिळतात.

जुना_एक्स्चेंज
मिळतात. पण अंदाज ३० नेच करा. त्या एका टाइमस्लॉटवर कुणाचं घर चालत नाही.

नियमावली
येणारं ट्रॅफिक आणि गेलेलं ट्रॅफिक यावरूनच २०१६ चा सगळा तमाशा झाला होता. सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाली, कॉल फुकट, त्यामुळे बाहेर जाणारा लोंढा प्रचंड. जिओ म्हणे पोर्ट देत नाहीत, बाकीचे म्हणे यांची मागणीच अवाच्या सवा. ऑक्टोबरमध्ये ट्रायने एअरटेल आणि व्होडाफोनला प्रत्येकी १,०५० कोटी आणि आयडियाला ९५० कोटी दंडाची शिफारस केली, एकूण ३,०५० कोटी. प्रकरण स्पर्धा आयोगात गेलं, पुढे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं की आधी ट्रायला ठरवू द्या. २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये अंदाज, मुदती, टक्केवारी एवढं बारकाईने का लिहिलंय ते त्यावरून कळतं.

पॅकेट_पांडू
बाकीच्यांचंही काही चुकत नव्हतं. नवी कंपनी फुकट वाटणार आणि पोर्ट दुसऱ्याने जोडत बसायचं? वर तेव्हा कॉल घेण्याचे १४ पैसे मिनिटाला मिळायचे, ते पुढच्या वर्षी ६ झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

नियमावली
१४ पैसे मिळत होते ना? मग पोर्ट द्यायला काय हरकत होती? उलट आता शून्यावर कुणाला उत्साह असणार?

जुना_एक्स्चेंज
दरावरून आठवलं. एसटीडी असताना रात्री ११ नंतर पाव दर लागायचा. ११ वाजले की पीसीओसमोर रांग. आमच्याकडे संध्याकाळी सामसूम आणि ११ च्या ठोक्याला सगळ्या ट्रंक लाल. ऑफिसच्या वेळेवर आखलेलं नियोजन गेलं चुलीत. दर बदलला की बिझी अवर जागा सोडतो, हे अंदाज करणाऱ्याने विसरू नये. ट्रंकभाऊ, तुमचे कस्टमर कोण आहेत? सगळी ऑफिसंच ना? नवीन कुणी येतंय का?

ट्रंक_पाहिजे
ऑफिसं, दोन हॉस्पिटलं, एक क्लासवाला. नवीन म्हणजे नाशिकला वसुलीचं कॉल सेंटर येतंय दोन महिन्यांनी, ४० सीट. ते तर ठरलेलंच आहे.

गणिती_गौरी
हे आत्ता सांगताय?? अख्खा हिशोब बदलला! डायलर आहे का?

ट्रंक_पाहिजे
हो, ऑटो डायलर. तुम्ही विचारलं नाहीत.

सायबरवाली_मावशी
वसुलीवाले आणि १४० वरून येणारे फोन यांनी जीव नकोसा केलाय. आता बँकांना १६०० ची सीरिज दिलीय म्हणतात, तरी साध्या नंबरवरून येतातच. डीएनडी लावलंय, काही उपयोग नाही. तुम्ही असल्या लोकांना लाइन देताच कशाला?

ट्रंक_पाहिजे
मावशी, मी प्लॅनिंगला आहे, सेल्सला नाही.

जुना_एक्स्चेंज
डायलरला साधं अर्लांग-बी लावू नका. त्या सूत्रात कॉल आपापल्या मर्जीने, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येतात असं धरलंय. डायलर एका एजंटमागे दोन-तीन नंबर एकदम फिरवतो, न लागलेले लगेच परत फिरवतो. ट्रॅफिक झुंडीने येतं. त्याची कमाल मर्यादाच धरा आणि ती करारात लिहून घ्या. एजंटमागे २ लाइन म्हटलं तर ८०. त्यातले या कंपनीच्या नंबरांवर किती जातील?

ट्रंक_पाहिजे
तिसरा हिस्सा धरू.

गणिती_गौरी
म्हणजे २७. आताचे ५२, त्यावर १० टक्के वाढ धरून ५७. एकूण ८४ अर्लांग. ०.५ टक्क्याला १०३-१०४ सर्किटं. ४ ई१. तीन घेतलेत तर ९० सर्किटं साधारण ७२ अर्लांग पेलतात, डायलर सुरू झाला की पहिल्याच सोमवारी बसतील.

तर्कटराव
२७ हा अर्लांग नाही, कमाल एकाचवेळचे कॉल आहेत. दोन्ही कसे मिळवता?

गणिती_गौरी
बरोबर आहे, शास्त्रात बसत नाही. पण चूक सुरक्षित बाजूला आहे. तुमच्याकडे डायलरचा पीकीनेस फॅक्टर (ट्रॅफिक किती झुंडीने येतं त्याचं माप) असेल तर द्या, मी परत मोजते.

तर्कटराव
नाही माझ्याकडे.

कोपनहेगनचा_कांदा
अर्लांग साहेब इथल्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीतच नोकरीला होते, हे सूत्र त्यांनी १९१७ मध्ये छापलं. बाकी माझं योगदान शून्य. बिझी अवर कुठला दिवस धरून काढलात? आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) ई.५०० मध्ये नेहमीच्या भारासाठी महिन्यातला चौथा सर्वांत जड दिवस घेतात आणि जड भारासाठी दुसरा. सरासरी २५ दिवसांची घेतली तर गणपतीच्या आधीचा आठवडा, महिनाअखेर, सगळं सपाट होऊन जातं.

ट्रंक_पाहिजे
ते १४ टक्के जुन्या माणसाने कुठून आणले ते मलाही माहीत नाही. एक्सेलमध्ये नुसता टाइप केलेला आकडा आहे, मागे फॉर्म्युला नाही. बरं, साहेबांना ४ ई१ पटवायला काहीतरी कागद लागेल. सीडीआरमध्ये फोन उचलल्याची आणि ठेवल्याची वेळ आहे, सर्किट कधी घेतलं ते नाही. ते कुठून काढू?

जुना_एक्स्चेंज
बिलिंगकडे मागू नका, ते देणार नाहीत आणि त्यांच्याकडे नसतंही. स्विचवर ट्रंक ग्रुपचा तासवार रिपोर्ट असतो. त्यात प्रयत्न, सीझर (सर्किट मिळालेले कॉल), वापर अर्लांगमध्ये आणि ओव्हरफ्लो (सर्किट न मिळालेले) असे कॉलम दिसतील. मागच्या ६० दिवसांचा सकाळी १० ते १ चा काढा. ओव्हरफ्लोच्या कॉलममध्ये शून्य नसेल तर साहेबांना दुसरं काही दाखवायची गरज नाही.
शिवाय न लागलेल्या कॉलचा रिलीज कॉज (कॉल का तुटला त्याचा कोड) बघा. ३४ म्हणजे मोकळं सर्किट नाही. ४२ समोरून आलं तर त्यांच्या स्विचची कोंडी आहे, आणि मग तुम्ही १० ई१ घेतलेत तरी फरक पडणार नाही. तक्रार लिहिताना हे दोन वेगळे मांडा, नाहीतर ते तुमच्याच गळ्यात मारतील.

ट्रंक_पाहिजे
काढला रिपोर्ट. सोम ते शुक्र १०:३० ते ११:३० ओव्हरफ्लो रोज आहे. कॉज जवळपास सगळे ३४. वापर ५१-५२ च्या मध्ये, सोमवारी ५३. ८४ अर्लांग, ४ ई१ असं लिहून पाठवतोय, डायलरची ओळ वेगळी दाखवून.

जुना_एक्स्चेंज
पाठवा. नवीन दोन ई१ जुन्यांच्याच फायबरवर घेऊ नका. जेसीबी चारही एकदम तोडतो.

सातारी_तर्री
१९०० वर मेसेज गेला, कोड आला. आभारी आहे.