मदत हवी आहे: चंद्र करारावरची जुनी सही भारताला बांधते का?

नमस्कार मंडळी,

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला 'अवकाशातलं खाणकाम' हा विषय हौसेने घेतला आणि आता पुरती अडकलेय.

१९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्रावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. इथवर ठीक. पण खणून काढलेल्या मालाचं काय, यावर करार गप्प. अमेरिकेने २०१५मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांना असा माल बाळगायची, विकायची मुभा दिली; मागोमाग लक्झेंबर्ग, यूएई, जपान. युक्तिवाद मासेमारीचा: भर समुद्र कोणाचा नाही, पण जाळ्यात आलेला मासा ज्याचा त्याचा. आमचं गाव हर्णे, त्यामुळे हे लगेच पटलं!

पण समुद्राच्या तळाला हा न्याय नाही. तिथले धातूचे गोळे 'मानवजातीचा सामायिक वारसा', म्हणून भारतालाही हिंद महासागरातल्या ७५,००० चौ. किमी पट्ट्यासाठी जमैकातल्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी करार करावा लागला. १९७९चा चंद्र करार हीच भाषा बोलतो, आणि त्यावर भारताची १९८२ची सही आहे! रॅटिफाय (म्हणजे सहीनंतर देशाने करार बंधनकारक म्हणून स्वीकारणं) मात्र केलेला नाही.

उलट जून २०२३मध्ये आपण आर्टेमिस अकॉर्ड्सवर (अमेरिकेच्या पुढाकाराने ठरलेली चंद्र-अवकाश मोहिमांची तत्त्वं) सही केली. संसाधनं काढली म्हणजे आपोआप मालकी सांगितली असं होत नाही, असं त्यात आहे. त्याच वर्षीचं भारतीय अवकाश धोरण खासगी कंपन्यांना लघुग्रहांवरून आणलेला माल विकूही देतं, पण लागू कायदा आणि भारताची आंतरराष्ट्रीय बंधनं पाळून. मग त्या बंधनांत चंद्र करारावरची सही धरायची का? गाईड म्हणतात, दोन ओळींत उरक. मला ते पटत नाही.

प्रतिसाद:
ताई, उरकू नका, तुमचा पेपर तिथेच आहे. करारांविषयीच्या व्हिएन्ना कराराचं कलम १८ वाचा. सही केलेल्या देशाने मूळ हेतूवरच पाणी ओतू नये. मात्र सामील व्हायचं नाही हे स्पष्ट केलं की बंधन सुटतं. भारत व्हिएन्ना करारात नाही, पण हे कलम रूढ कायदा (देशांच्या प्रथेतून सगळ्यांना लागू झालेला नियम) म्हणून मांडता येतं. आता अकॉर्ड्सवरची सही म्हणजे 'स्पष्ट केलं' म्हणायचं का? अकॉर्ड्स मुळात बंधनकारक नाहीत. शिवाय दोन उदाहरणं समोरासमोर ठेवा: सौदी अरेबियाने अकॉर्ड्सवर सही केली आणि चंद्र करार सोडला, ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे आहे.