मदत हवी आहे : ओसायरिसविना परलोक कसा होता?

नमस्कार. प्राचीन इजिप्तमधील मृत्यूविषयक कल्पनांवर लेख लिहिताना मी अखेनातेनपाशी अडलो आहे. इ.स.पू. 14व्या शतकात या राजाने आतेन या सूर्यबिंबाची उपासना सर्वोच्च ठरवली आणि आजच्या अमार्ना येथे नवी राजधानी वसवली. तेथील थडग्यांच्या भिंतींवरून मृतांचा राजा ओसायरिस, आणि त्याच्यासमोर हृदय पिसाशी तोलले जाणारा न्यायनिवाडाही, नाहीसा झाला. असे असूनही परलोकात धन्यासाठी राबणाऱ्या 'शाब्ती' मूर्ती खुद्द अखेनातेनसाठी घडवल्या गेल्या. मात्र त्यांवर मूर्तींना कामाला लावणारा नेहमीचा मंत्र नसून केवळ त्याची नावे व बिरुदे आहेत, आणि हीच गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. मंत्र गेला, तरी मूर्ती कशासाठी उरल्या? अखेनातेननंतर काही वर्षांतच गादीवर आलेल्या तुतानखामेनच्या थडग्यात ओसायरिस पुन्हा चितारलेला दिसतो, त्यामुळे हा प्रश्न अधिकच सतावतो.

आणखी एक अडचण भाषेची आहे. नैवेद्यावर पोसली जाणारी प्राणशक्ती 'का' आणि मानवी मस्तकाच्या पक्ष्याच्या रूपात ये-जा करणारा 'बा', या दोघांनाही 'आत्मा' म्हणणे मला चुकीचे वाटते. जाणकारांनी या दोन्ही बाबतींत मार्गदर्शन करावे, ही विनंती.